छत्तीस उंदरांची पंगत

आमच्या प्राणिघरातल्या मामांइतका उंदरांचा मान राखणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. भंडाऱ्याच्या बाहेर, धानाच्या बांध्या जिथे सुरू होतात तिथे आमचं फार्मसी कॉलेज होतं, आणि कॉलेजच्या मागे, पोरापोरींची वर्दळ पोहोचू नये म्हणून जरा अंतर राखून, एका बैठ्या इमारतीत पांढऱ्या उंदरांचं घर होतं. कागदोपत्री मामा त्या घराचे परिचर. प्रत्यक्षात ते तिथले आचारी, सुईण, पहारेकरी आणि वेळ पडली तर उंदरांच्या बाजूनं भांडणारे वकील होते. रोज सकाळी कारध्याहून पूल ओलांडून सायकलनं यायचे, पँटच्या पायाला क्लिप, डोक्याला पांढरा दुपट्टा, आणि सायकलच्या दांडीला अडकवलेल्या पिशवीत कोणाच्या तरी बांधीवरून आणलेला कोवळा पाला. मी त्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवायची. सगळे त्यांना मामा म्हणायचे म्हणून मीही म्हणायची. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ माझ्यावर फक्त एकदाच आली, आणि ती आली नसती तर बरं झालं असतं.

प्राणिघरात शिरण्याआधी मामा चपला बाहेर काढायचे आणि दारात उभं राहून दोनदा खाकरायचे. हा नियम त्यांनी स्वतःपुरता ठेवला असता तर कोणाची हरकत नव्हती, पण तो त्यांनी सगळ्यांना लावला होता. न खाकरता आत गेलेल्या पोरांना ते हाताला धरून बाहेर आणायचे आणि पुन्हा खाकरून आत जायला लावायचे. मी एकदा कारण विचारलं तर मलाच उलट विचारलं, "घरात सून असंल तं सासरा खाकरून येते का नाही जी? मंग ह्याहीच्या घरात न सांगता कसं घुसाचं?" मी मुकाट बाहेर जाऊन खाकरून आले. एकदा तपासणीला बाहेरून मोठी समिती आली. त्यातले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ बुटांसकट तडक आत निघाले तेव्हा मामा हात जोडून दारात आडवे आले. प्राचार्य घामाघूम. शेवटी प्राचार्य, तीन तपासनीस आणि मी, सगळ्यांनी ओळीनं मोजे घातलेल्या पायांनी उभं राहून सामुदायिक खाकरणं केलं आणि मगच आत प्रवेश मिळाला. आता कॉलेजची मान्यता गेली असं आम्ही धरून चाललो होतो. पण अहवालात प्राण्यांची निगा उत्तम असल्याचा शेरा आला, आणि प्राचार्यही तेव्हापासून बिनबोभाट खाकरू लागले.

नियमाप्रमाणे उंदरांना नंबर असतात. शेपटीवर शाईच्या रेघा ओढायच्या, एक रेघ म्हणजे एक नंबर, दोन म्हणजे दोन. मामा रेघा ओढू द्यायचे, पण नंबर काही त्यांच्या तोंडी आला नाही. नंबर कैद्याला असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी उंदरांना गावांची नावं दिली होती, आणि ती अशीच दिली नव्हती, स्वभाव बघून दिली होती. पिंजऱ्याच्या कडेला जाळीला नाक लावून पलीकडे काय चाललंय ते दिवसभर न्याहाळणारा तो बपेरा, कारण बपेरा मध्य प्रदेशच्या हद्दीला चिकटलेलं. सतत भुसा उकरत राहणारा तो नाकाडोंगरी, कारण तिकडे खाणी. खाद्याच्या गोळ्या कोपऱ्यात गोळा करून त्या ढिगावर बसणारा तुमसर, कारण धानाची बाजारपेठ तिथे. एका पिंजऱ्यात दोघांचं अजिबात पटत नव्हतं म्हणून एकाला वेगळं काढावं लागलं. त्याचं नाव अर्थातच गोंदिया. आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती आणि कचेऱ्यांमधल्या फायली अजून इकडून तिकडे जात होत्या. वाटणीनं कोणाचंच भलं होत नाही, असं मामांचं ठाम मत. गोंदिया वेगळा निघाल्यापासून दोघंही जेवत नाहीत, अशी तक्रार त्यांनी चार दिवस केली आणि पाचव्या दिवशी स्वतःच्या अधिकारात दोघांना पुन्हा एका पिंजऱ्यात घातलं. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही कानांना चावे होते, पण जेवले मात्र दोघंही होते. एकदा मामा ऑफिसात जाऊन, लाखांदुराला रात्रीपासून जुलाब लागलेत, औषध पाहिजे, असं सांगून आले. आमचे हेडक्लार्क मूळचे लाखांदूरचे. त्यांनी घाबरून घरी फोन लावला आणि म्हाताऱ्या आईला अर्धा तास पाणी उकळून प्यायला सांगत राहिले.

कॉलेजात लागण्याआधी मामा राइस मिलमध्ये होते. तळहातावर मूठभर धान घेऊन ओल किती, पोचट दाणे किती ते सांगायचे, आणि तीच विद्या त्यांनी उंदरांना लावली. उंदीर हातात घेऊन, डोळे मिटून, जरा वरखाली करून ते वजन सांगत. मग आम्ही काट्यावर ठेवायचो. फरक पडलाच तर एखाद्या ग्रॅमचा, आणि तेव्हा मामा काटा तपासायला सांगायचे. उंदरांचं खाद्य आलं की पोतं फोडून पहिली गोळी स्वतः चावून बघायची, थोडा वेळ विचार करायचा आणि मग मान हलवायची किंवा तोंड वाकडं करायचं. एका कंपनीचं अख्खं पोतं त्यांनी चवीवरून परत पाठवलं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे डांबर वितळतं, आणि दुपारी हमखास वीज जाते. एसी बंद पडला की मामा खिडक्यांना गोणपाटाचे ओले बोरे टांगायचे आणि एका खुर्चीवर बसून पुठ्ठ्यानं पिंजऱ्यांना वारा घालायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. मधला एकही पिंजरा सुटायचा नाही. मला हे सगळं फार मजेशीर वाटायचं. स्टाफरूममध्ये मी मामांच्या गोष्टी रंगवून सांगायची आणि सगळे पोट धरून हसायचे. मामा जे काही करतात ते सगळं एकाच मुळातून येतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

एका गोष्टीची मात्र मी स्टाफरूममध्ये थट्टा करत नसे. प्रयोग संपला की उंदीरही संपवावे लागतात. भूल जास्त द्यायची, ते शांतपणे जातात, मग त्यांचं यकृत, स्वादुपिंड काढून तपासायचं. त्या दिवशी मामा रजा टाकायचे. अर्जावर कारण नेहमी एकच, घरी काम. दुसऱ्या दिवशी धुतलेला पांढरा शर्ट घालून यायचे, रिकामे पिंजरे गरम पाण्यानं घासून उन्हात मांडायचे. तिसऱ्या दिवशी नवी पिलं यायची आणि मामा त्यांची गावं ठरवायला बसायचे.

माझा अभ्यास होता लठ्ठपणा आणि मधुमेहाचा. तेव्हा आमच्या भागात घरोघरी शुगर निघायला लागली होती. दोन वेळा भात खाणारी आणि दिवसभर चिखलात राबणारी माणसं पोरांच्या पगारावर खुर्चीत बसली, भात तेवढाच राहिला आणि शुगर आली. जांभळाच्या बियांची भुकटी शुगरवर चालते असं गावोगावी म्हणतात. ते खरं किती हे मला उंदरांवर तपासून बघायचं होतं. छत्तीस उंदीर, चार-चारांचे नऊ पिंजरे, तीन गट. पहिल्या गटाला साधं खाद्य. दुसऱ्याला डालडा, साखर आणि दूधपावडर मिसळलेलं, म्हणजे ज्यानं माणूसही फुगेल असं खाद्य. तिसऱ्याला तेच गोड खाद्य आणि वर जांभूळबीची भुकटी. चार महिने असं खाऊ घालायचं, दर आठवड्याला वजन घ्यायचं, शेपटीला बारीक टोचून साखर बघायची. या अभ्यासावर माझी पीएच.डी. आणि पीएच.डी.वर माझी नोकरी. तीन वर्षं मी तात्पुरत्या आदेशावर शिकवत होते. पदवी हातात आली नाही तर पुढच्या सत्रात मला ठेवणार नाहीत, हे संस्थेनं तोंडी स्पष्ट सांगितलं होतं. मी मामांना तीन डबे दाखवले, तीन रंगांच्या चिठ्ठ्या लावल्या, कोणत्या पिंजऱ्याला कोणता डबा ते दोनदा समजावलं. मामांनी नेहमीप्रमाणे तिन्ही डब्यांतलं थोडं थोडं तोंडात टाकून बघितलं. गोड डब्यापाशी त्यांचा चेहरा खुलला आणि साध्या डब्यापाशी पडला. ते मी पाहिलं आणि मनातल्या मनात हसले. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी मी हवेत चालत होते. जांभूळबी खाणारे उंदीर गोड खाऊनही जवळजवळ साध्या उंदरांइतकेच होते. साखरही तेवढीच. मी नागपूरला माझ्या मार्गदर्शकांना फोन करून सांगितलं, मनात शोधनिबंधाचं शीर्षक ठरवलं आणि घरी जांभळाच्या बिया वाळत घातल्या. मग मार्गदर्शकांनी सगळे आकडे मागवून घेतले आणि थंड आवाजात विचारलं की भुकटी न घेता नुसतं गोड खाणारे उंदीर फुगले का नाहीत, आणि साधं खाणारे का फुगले? मी आकडे पुन्हा पाहिले. तिन्ही गट सारखे होते. कोणी फार जाड नाही, कोणी बारीक नाही, सगळे आपले मध्यम खाऊनपिऊन सुखी. मी खाद्याच्या कंपनीला दोष दिला. साखर मोजायचं यंत्र बदललं. पाणी तपासलं. डब्यांतलं खाद्य रोज मोजून काढलं जात होतं आणि वहीतल्या नोंदी अगदी चोख होत्या. जेवढं गोड लिहिलं होतं तेवढंच गोड संपत होतं. मामांवर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण ते जे करत होते ते चोराला सुचणारं कामच नव्हतं.

शेवटी एक दिवस मी नऊऐवजी सकाळी सातला गेले. गडबडीत खाकरायचं विसरले. आत मामा होते. त्यांनी तिन्ही डब्यांतलं त्या दिवसाचं खाद्य एका मोठ्या परातीत एकत्र केलं होतं, जांभूळबीसकट नीट कालवलं होतं, आणि परात कमरेवर धरून ते पहिल्या पिंजऱ्यापासून वाढत निघाले होते. लग्नात पंगतीला वाढतात तसे, जरा वाकून, आग्रह करत, एकेकाचं नाव घेऊन. नववा पिंजरा झाल्यावर परातीत थोडं उरलं ते पुन्हा पहिल्यापासून एकेक चिमूट वाटलं. मी दारात उभी होते. मला बघून ते दचकले नाहीत, लपवायलाही गेले नाहीत.

मी विचारलं हे कधीपासून. पहिल्या दिवसापासून, म्हणाले. मी कॉलेजात मामांशी पुस्तकी मराठी बोलायची, माझ्या माहेरची बोली त्यांच्यासारखीच असूनही. त्याच मराठीत मी त्यांना समजावू लागले की ही पंगत नाही, प्रयोग आहे, फरक करण्यातच त्याचा अर्थ आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एका खोलीत, एका टायमाले, एकमेकाच्या तोंडाकडं पाहून जेवून राहिले, तं ते पंगतच झाली ना जी," ते म्हणाले. "एकाले लाडू अन् दुसऱ्याले कोंडा, हे मायाच्यानं नाही होत. मरन तं साऱ्याईले एकच लिहून ठेवलं तुमी कागदावर. मंग जेवतानीच भेद कायले?"

मग परात खाली ठेवून त्यांनी एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत स्वतःबद्दल त्यांनी सांगितलेली ही पहिलीच.

"मी पाच-सहा वर्साचा असन. मालगुजाराच्या घरी लगन होतं. आमच्या लोकाईले गोठ्याच्या अंगाले बसवलं. तिथून मोठी पंगत दिसे. तिकडं बुंदी फिरली, दोनदा फिरली. मी बाबाले म्हनलं, आपल्याकडं येऊन राहिली काय? बाबानं खाली पाहून भात खाल्ला. त्याच साली दसऱ्याले तो नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला. घरी येऊन मायले एकच गोष्ट सांगतली, आता आपल्या हातानं ज्याले वाढाचं त्याले सारखं वाढाचं. म्हनून मी वाढतो. मले दुसरं येतच नाही."

पंक्तिप्रपंच हा शब्द मी शाळेत शिकले होते, पण तो मला पुस्तकात शिकायची गरज नव्हती. आमचं घर तळ्याकाठचं, धानाची शेती असलेलं. आमच्याकडे रोवणी आटोपली की जेवण असायचं, आणि मजुरांची पंगत मागच्या अंगणात, आमच्यानंतर बसायची. मी लहानपणी त्या अंगणात मीठ वाढत फिरलेली आहे, आणि गोड का नाही हे मला कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मामा बोलत होते तेव्हा ते अंगण माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं. तरीही मी गप्प बसले नाही. माझी तीन वर्षं, माझी नोकरी, मार्गदर्शकांचा तो थंड आवाज, हे सगळं एकदम उसळून वर आलं आणि मी म्हणाले, "मामा, हे छत्तीस आता कशाच्याच कामाचे राहिले नाहीत. नियमानं ह्यांना असंच संपवावं लागेल. आणि मला पुन्हा छत्तीस आणावे लागतील. तुमच्या या सारखं वाढण्यापायी आणखी छत्तीस मरणार आहेत, एवढं लक्षात ठेवा."

मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं. हिशेब बरोबरच होता. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग पिंजऱ्यांच्या ओळीकडे बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माणूस शिवी ऐकल्यावर जसा चिडतो तसे ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी परात उचलली, बाहेर नळावर नेऊन घासली आणि उपडी घालून ठेवली. त्या दिवशी ते उरलेला वेळ इमारतीच्या पायरीवर बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी कोरा कागद घेऊन आले. त्यांचं अक्षर बरं नव्हतं, म्हणून अर्ज मी लिहून द्यावा असं त्यांचं म्हणणं होतं. गुडघे दुखतात, प्राणिघरातलं उठबशीचं काम होत नाही, सायकल स्टँडवर बदली व्हावी. मामांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते. मला तेव्हा म्हणता आलं असतं की मामा, असू द्या, आपण मिळून काहीतरी मार्ग काढू, खाद्य मी वाढीन, तुम्ही बाकीचं बघा. एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मनात कुठेतरी मला सुटल्यासारखं वाटलं, हे आज कबूल करते. मी हजेरीपट मागवून त्यांचं पूर्ण नाव पाहिलं, सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, आणि मामांनी खाली सही केली. प्राचार्यांनी न वाचता मंजूर केला.

त्या छत्तीसांना संपवलं त्या दिवशी मामा स्टँडवर नव्हते. अर्ज आला होता, घरी काम.

प्राणिघरावर नवा माणूस आला, तरुण, नेमका, घड्याळाकडे बघून काम करणारा. नवे छत्तीस आले, त्यांना नंबर पडले आणि ते नंबरच राहिले. सायकल स्टँडवर मामांनी आपला कारभार सुरू केला. स्टँडला अर्धंच छप्पर होतं आणि ती सावली शिक्षकांच्या गाड्यांसाठी राखलेली होती. मामांनी महिनाभरात तो नियम मोडीत काढला. जो आधी येईल त्याची गाडी सावलीत, मग तो प्राचार्य असो की पहिल्या वर्षाचा पोरगा. प्राचार्यांची स्कूटर दिवसभर उन्हात तापायची आणि संध्याकाळी ते सीटवर रुमाल अंथरून बसायचे, पण मामांना बोलायची हिंमत त्यांची झाली नाही. यावर स्टाफरूममध्ये सगळे हसायचे. मी आता त्यात नसायची. संध्याकाळी मी गाडी काढायला गेले की मामा रोज एकच विचारायचे, "जेवले काय जी सारे?" मी म्हणायची, जेवले. कोण काय जेवलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. चार महिने हे चाललं. शेवटच्या दिवशी, जेव्हा दुसऱ्या छत्तीसांची वेळ आली, तेव्हाही स्टँडवर मामा नव्हते. आता त्यांचा त्या घराशी काही संबंध उरला नव्हता, तरी त्यांनी तारीख कुठून तरी काढली होती.

या वेळी गट जसे वेगळे व्हायला हवे होते तसे झाले. गोड खाणारे फुगले, त्यांची साखर चढली, यकृतावर चरबी धरली. जांभूळबीनं थोडाफार फरक पडला, पण मी हवेत चालावं एवढा नाही. मला पदवी मिळाली, नोकरी पक्की झाली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी मार्गदर्शकांचे, प्राचार्यांचे, आईवडिलांचे नावानिशी आभार मानले, आणि खाली एका ओळीत 'प्राणिघरातील कर्मचारी' असं लिहिलं. मामांना पेढे द्यायला गेले तेव्हा त्यांनी पुडा घेतला, स्टँडवर त्या वेळी जेवढे होते तेवढ्यांना अर्धा अर्धा वाटला, स्वतः अर्धा खाल्ला आणि म्हणाले, "चांगलं झालं." ते मनापासून म्हणाले होते. त्यामुळे मला माफी मागायला जागाच सापडली नाही, आणि मग ती रोज पुढे ढकलत गेले. मामा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं, खाकरण्याचा किस्सा सांगितला, सगळे हसले. जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

पुढे काही वर्षांनी ज्या रोगापायी मी बहात्तर उंदीर खर्ची घातले तो आयताच माझ्या घरी आला. मला शुगर निघाली. डॉक्टरांनी आहार लिहून दिला तेव्हा आता मी साध्या खाद्याच्या गटात पडले म्हणून जरा हसले, पण ते हसू काही फार टिकलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी बुद्ध पौर्णिमेला कारध्याच्या विहारात जेवणाचं आमंत्रण मामांच्या मुलाकडून आलं. मी गेले. आता बोलायचंच, असं ठरवून गेले. त्यानंतर सहा महिन्यांनी मामा गेले, त्यामुळे ती आमची शेवटची भेट.

विहारासमोर मांडव होता, बसायला ताटपट्ट्या अंथरलेल्या होत्या. मामा खूप वाळले होते, पण वाढायला तेच. भात, वरण, वांग्याची भाजी झाली आणि मग मामा स्वतः खिरीची बादली घेऊन पहिल्या टोकापासून निघाले. प्रत्येकाला एक पळी, ना कमी ना जास्त. माझ्यापाशी आले तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला.

"काहून जी?" ते म्हणाले.

"मामा, मले शुगर निघाली. दोन वर्सं झाली," मी म्हणाले. माझ्या तोंडून घरची बोली कशी आली ते मलाही कळलं नाही.

मामा पळी हातात धरून तसेच उभे राहिले. माझ्या पुढची पंगत वाट बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर मी फक्त गोंधळ पाहिला. या माणसाला आयुष्यात कोणाच्या ताटात कमी वाढायची वेळ आली नव्हती, आणि आज ती आली होती. मग त्यांनी मुलाला हाक मारली, बादली त्याच्या हातात दिली आणि माझ्या शेजारच्या माणसाला जरा सरकायला सांगून स्वतः तिथे मांडी घालून बसले. यजमान शेवटच्या पंगतीला जेवतो, मामा तर नेहमीच सगळ्यांच्या शेवटी. मुलगा गडबडला. मामांनी त्याला ताट आणायला सांगितलं, भात-वरण वाढायला सांगितलं. तो खीर वाढू लागला तेव्हा त्यांनी माझ्यासारखाच ताटावर हात धरला.

आम्ही जेवायला लागलो. मी दोन घास घेतले आणि म्हणाले, "मामा, त्या दिवशी मी तुमाले जे बोलून गेली ना, आणखी छत्तीस मरतीन म्हनून..."

"खोटं कुठं बोलल्या होत्या तुमी," मामा म्हणाले. "मेलेच ना ते." भात कालवता कालवता पुढे म्हणाले, "मले समजे जी, त्याच दिवशी समजलं. पण हात नाही ऐके."

मी खाली बघून जेवत राहिले. फार हळू जेवत होते, आणि आमच्याकडे पंगतीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कोणी उठत नाही. मामांचं ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं. पुढच्या पंगतीचे लोक मांडवाबाहेर उभे राहिले होते, मुलगा दोनदा येऊन बघून गेला. मामांनी त्याला हातानंच थांबायला सांगितलं आणि माझा भात संपेपर्यंत ते रिकाम्या ताटापुढे बसून राहिले.